जुनी मोटर क्रूझर घेताना तिचं डिझेल इंजिन कसं पारखायचं

बोट बघायला जायच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला फोन करून एक गोष्ट स्पष्ट सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कसला टाकतं आणि तो किती वेळ टिकतो, यातून जेवढं कळतं तेवढं पुढे तासभर चालवूनही कळत नाही. पोहोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला, तर पाहणी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. "तुमचा वेळ जाऊ नये म्हणून जरा गरम करून ठेवलं" असं कुणी कितीही गोड बोलून सांगितलं, तरी थंड इंजिन बघितल्याशिवाय सौदा करू नका.

हा लेख साधारण 1970 ते 1995 या काळातल्या, 8 ते 12 मीटर लांबीच्या क्रूझरच्या इंजिनांबद्दल आहे. इंग्लंडमध्ये अशी बोट बघायला गेलात तर बऱ्याचदा पर्किन्स 4.236 किंवा 6.354 भेटेल, नाहीतर फोर्डच्या ब्लॉकवर बांधलेलं एखादं इंजिन. अमेरिकेतल्या जुन्या ट्रॉलर पद्धतीच्या यॉटमध्ये फोर्ड लेहमन 120 फार दिसतं. मुंबई-अलिबाग-गोवा पट्ट्यात बाहेरून आणलेली जुनी क्रूझर घेणाऱ्यालाही हीच तपासणी लागू पडते.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे कुठे जास्त वेळ घालवायचा ते कळेल. ही इंजिनं मुळात समुद्रासाठी जन्मलेली नाहीत. 4.236 म्हणजे 236 घनइंचांचं, 3.86 लिटरचं चार सिलिंडरी इंजिन. हेच इंजिन मॅसी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्येही बसायचं. लेहमन 120 चा 6.2 लिटरचा ब्लॉक इंग्लंडमधल्या फोर्डचा, ट्रक-ट्रॅक्टरच्या कुळातला. आपल्या कोकणातल्या ट्रॉलरवर अशोक लेलँडची ट्रकची इंजिनं गेली ती याच वाटेनं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, नोझल, गॅस्केट हे सगळं आजही मिळतं आणि ते बसवणारे मिस्त्रीही मिळतात. समुद्रासाठी वरून जोडलेले भाग मात्र वेगळ्या कंपन्यांनी बनवलेले असतात: हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्यानं इंजिनाचं कूलंट थंड करणारा कूलर), पाण्याचं मॅनिफोल्ड, एक्झॉस्टचा एल्बो, ऑइल कूलर. त्यातले काही आता बनतच नाहीत, आणि बनतात त्यांची किंमत डोळे पांढरे करणारी असते. ही इंजिनं झिजून क्वचित मरतात. खाऱ्या पाण्यानं आणि नुसती पडून राहिल्यानं मरतात.

तासांचा आकडा आणि कागद

जाहिरातीत "30 वर्षांची बोट, फक्त 600 तास" असं वाचून हुरळून जाऊ नका. हौसेची बोट वर्षाला साधारण 100 तास चालते. त्याहून फार कमी चाललेलं इंजिन बहुतेक वेळ दमट हवेत बंद पडून राहिलेलं असतं. रिंगा गंजून खाचेत चिकटतात, उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हच्या सीटवर गंज चढतो, पंपाची सीलं वाळतात. टर्बो नसलेलं, संथ चालणारं 4.236 किंवा लेहमन नीट सांभाळलं तर 8 ते 10 हजार तास सहज काढतं. त्यामुळे 3,500 तासांचं पण दरवर्षी नियमित चाललेलं इंजिन मी 600 तासांच्या पडीक इंजिनापेक्षा वर ठेवेन. वेगवान बोटीतल्या जास्त आरपीएमच्या टर्बो इंजिनाचं गणित वेगळं. तिथे 2 ते 3 हजार तासांनंतर मोठं काम निघेल असं धरूनच भाव करावा. आणि तासांचं मीटर म्हणजे एक साधं गेज आहे, ते बदलता येतं. खरा हिशोब बिलांतून लागतो: ऑइल, फिल्टर, इंपेलर (खाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) कधी घेतले त्याची बिलं मागा.

इंजिन पडून असताना त्याची काय काळजी घेतली, हेही विचारा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बोट बंद असते, इंग्लंडमध्ये हिवाळाभर. बंद करण्याआधी ऑइल बदललं का? वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसू देणं चुकीचं आहे. खाऱ्या पाण्याची लाइन गोड्या पाण्यानं धुतली का? मालक याची उत्तरं न अडखळता देत असेल तर ते चांगलं लक्षण.

इंजिनाचा नंबर स्वतः वाचून कागदांवरच्या नंबराशी ताडून बघा. पर्किन्स 4.236 चा नंबर ब्लॉकच्या बाजूला ठोकलेला असतो आणि तो एलडी या अक्षरांनी सुरू होतो. 1974 पासूनच्या नंबरांत शेवटचं अक्षर उत्पादनाचं वर्ष सांगतं: ए म्हणजे 1974, बी म्हणजे 1975, आणि असंच पुढे. 1988 च्या बोटीत 1977 चं इंजिन निघालं तर ते बदललेलं आहे. बदललेलं असणं वाईट नाही, पण ते कुठून आलं हे कळायला हवं.

इंजिन बंद असताना

सोबत चांगली टॉर्च, दांडीचा छोटा आरसा, पांढरं फडकं, काचेची स्वच्छ बरणी, तापमान मोजायची इन्फ्रारेड गन आणि क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकाच्या मुख्य पुलीच्या, बोल्टला बसेल असा रिंग पाना घ्या.

ताजा रंग मारलेल्या इंजिनाकडे जास्त बारकाईनं बघा. रंग होजपाइपांवर आणि बेल्टवरही उडालेला असेल तर तो घाईत, विक्रीसाठी मारलाय. त्याखाली गंजाची खपली आहे का ते नखानं उकरून बघा. होजच्या तोंडाशी पांढरी-हिरवी पुटं म्हणजे तिथून खारं पाणी झिरपून वाळलेलं आहे. खाऱ्या पाण्याच्या पंपाच्या मानेखाली एक बारीक भोक असतं. सील गळायला लागलं की पाणी तिथून टपकून कळावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथे गंजाचा ओघळ असेल तर सील गेलंय. भोक रंगानं किंवा एम-सीलनं बुजवलेलं असेल तर त्याहून वाईट, कारण मग ते पाणी इंजिनाच्या ऑइलमध्ये जायला मोकळं. माउंटिंगचं रबर ऑइलनं फुगलेलं किंवा लोखंडापासून सुटलेलं आहे का तेही बघा.

आता डिपस्टिक काढा. डिझेल इंजिनाचं ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नका. बोटांवर चोळून वास घ्या. डिझेलचा वास, पातळपणा आणि खुणेच्या वर चढलेली पातळी एकत्र दिसली तर फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. पंप स्वस्त आहे, पण तशा पातळ ऑइलवर इंजिन किती तास चाललं हे कुणी सांगू शकत नाही. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट सायीचा पातळ थर असला तर बहुधा थोडा-थोडा वेळ चालवल्यानं साठलेला दमटपणा असतो. तीच साय डिपस्टिकवर आली तर ऑइलमध्ये पाणी आहे. आणि ऑइल अगदी सोनेरी, नवंकोरं दिसलं तर ते कधी आणि का बदललं ते विचारा.

गिअरबॉक्सची पट्टीही काढा, लोक ती विसरतात. ज्यात लाल एटीएफ ऑइल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) असतं तिथे ते लालच दिसायला हवं. गुलाबी, दुधाळ झालं असेल तर गिअर ऑइलचा कूलर आतून फुटलाय आणि समुद्राचं पाणी गिअरमध्ये जातंय. लेहमनवर हा कूलर जाणं हे नेहमीचं दुखणं. वेळेत कळलं तर नुसता कूलर जातो, उशिरा कळलं तर गिअरबॉक्सही.

लेहमन 120 असेल तर मालकाला विचारा: इंजेक्शन पंपाचं ऑइल कधी बदललं? या पंपाला स्वतःचं वेगळं ऑइल असतं. त्यात डिझेल मिसळत राहतं, म्हणून ते दर 50 तासांनी बदलायचं असतं. पंपाला वेगळं ऑइल असतं हेच मालकाला माहीत नसेल, तर बाकीची देखभाल कशी झाली असेल त्याचाही अंदाज येतो. लेहमनच्याच नंतरच्या एसपी135 इंजिनाला ही भानगड नाही.

हातानं फिरवून बघा

हे काम फार कमी खरेदीदार करतात, आणि याला पैसा लागत नाही. बॅटरीचा मेन स्विच बंद करा, इंजिन बंद करायचा लिव्हर ओढून ठेवा. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेनं, म्हणजे बहुतेक इंजिनांत समोरून बघताना घड्याळाच्या दिशेनं, सावकाश दोन पूर्ण फेरे द्या. दोन फेऱ्यांत चार सिलिंडरच्या इंजिनात चार वेळा आणि सहाच्या इंजिनात सहा वेळा पाना जड होईल. प्रत्येक वेळी जड होतो तिथे दाबून धरा. चांगल्या सिलिंडरमध्ये पाना स्प्रिंगसारखा उलटा रेटा देतो आणि काही सेकंदांनी हळूहळू सैल पडतो. एखादा सिलिंडर लगेच ढिला पडला तर कान लावून ऐका. हवेच्या फिल्टरमधून फुस्स आलं तर इनलेट व्हॉल्व्ह, एक्झॉस्टकडून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल फिलरमधून आलं तर रिंगा. कूलंटच्या टाकीत बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा तडकलेलं हेड.

पाना एका जागी दगडासारखा अडला तर जोर लावू नका आणि कुणाला सेल्फही मारू देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

खारं पाणी गेलं तिथे तिथे बघा

पाहणीचा निम्मा वेळ इथे द्या. विकणाऱ्याची परवानगी घेऊन आणि आधी सीकॉक (बुडातून समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करून कामाला लागा.

पंपाचं झाकण काढा आणि इंपेलरच्या पात्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तुकडा पुढे कुठेतरी अडकलाय, बहुधा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी. झाकणाच्या आतल्या बाजूला नखाला लागेल एवढी गोल खाच पडली असेल तर नवीन इंपेलर बसवूनही पाणी पुरेसं चढणार नाही. त्यानंतर हीट एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण उघडा. आत बारीक नळ्यांची जुडी दिसेल. रबराचे तुकडे, मिठाचा खर, झिंकचे मोडके दांडे यांनी नळ्या बुजलेल्या असतात. चौथाई नळ्या बंद असल्या तरी इंजिन कमी आरपीएमला कुरकुर न करता चालतं आणि पूर्ण ताकदीला तापतं. पेन्सिलसारखा झिंक (कूलरच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा दांडा) बसवलेला असेल तर तो काढून बघा. निम्मा झिजला की बदलायचा असतो. झिंकच्या जागी नुसता पितळी बूच निघाला, तर कूलरचं धातू किती काळ खाल्लं जातंय याचा विचार करा.

आता एल्बो. गरम धूर आणि समुद्राचं पाणी जिथे एकत्र होतात तो हा तुकडा. उष्णता, मीठ आणि गंधकाचं आम्ल एकाच जागी आल्यावर ओतीव लोखंड आतून सडतं आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसतं. म्हणून एक्झॉस्टच्या रबरी होजच्या क्लिपा सोडून आत टॉर्च मारा आणि बोट फिरवा. गंजाच्या मोठ्या खपल्या हाताला आल्या, पाण्याची वाट अरुंद झाली, किंवा बाहेर जोडाखाली गंजाचे ओघळ दिसले, तर एल्बो बदलायचा आहे असं धरा. तो बदलता येतो, पण खरा धोका आतला आहे: एल्बोची आतली भिंत फुटली की पाणी उलटं एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत जातं आणि इंजिन बंद असताना एखाद्या सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन पाण्याच्या पातळीखाली बसवलं असेल तर पाण्याच्या लाइनवर उंचावर सायफन तोडणारा व्हॉल्व्ह हवाच. तो नसला किंवा मिठानं चिकटला तर बोट बांधून ठेवलेली असतानाही समुद्राचं पाणी हळूहळू एक्झॉस्टमध्ये भरतं.

थंड देशातून आणलेल्या बोटीबद्दल एक इशारा. इंग्लंडच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी बराच काळ 8 ते 18 अंशांचं असतं, मुंबईत 27 ते 30. अर्धवट बुजलेला कूलर तिथे निभावून जातो आणि इथे पहिल्याच फेरीत काटा लालमध्ये नेतो. "तिकडे कधीच तापलं नाही" हे खरं असलं तरी इथे कामाचं नाही.

डिझेल

टाकीच्या तळातून आणि पहिल्या फिल्टरच्या वाटीतून बरणीत नमुना घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला पाणी बसलं, काळा चिकट गाळ दिसला, तर टाकीत जंतूंची वाढ झालेली आहे. फिल्टर बदलून ती जात नाही, टाकी उघडून धुवावी लागते.

पहिला सेल्फ

एक जण आत गेजसमोर, एक जण मागे एक्झॉस्टशी. 4.236 आणि लेहमन 120 दोन्ही डायरेक्ट इंजेक्शनची, त्यांना प्रत्येक सिलिंडरला ग्लो प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग) नसतात. चांगलं इंजिन तीन-चार सेकंदांत धरतं. विकणाऱ्यानं स्टार्टिंग स्प्रेचा डबा काढला तर पाहणी तिथेच संपवलेली बरी. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाला तो डबा लागतो. सुरू न होता बराच वेळ सेल्फ मारावा लागला तर सीकॉक बंद करा. एरवी पंप पाणी ढकलत राहतो, धुराचा दाब नसल्यानं ते सायलेन्सरमध्ये साठतं आणि तिथून सिलिंडरमध्ये येतं. इंजिन धरलं की लगेच उघडा.

पांढरा धूर मिनिट-दोन मिनिटांत विरला तर ठीक. गरम झाल्यावरही राहिला आणि त्याला डिझेलचा उग्र वास असला, तर नोझल किंवा कॉम्प्रेशन. गोडसर वासाची पांढरी वाफ सतत राहिली तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल. काळा धूर लोडखाली येतो, तो पुढे बघू. ऑइल प्रेशर काही सेकंदांत वर यायला हवं आणि एक्झॉस्टमधून पाणी अर्ध्या मिनिटाच्या आत ठोके देत पडायला हवं.

इथेही हवामान लक्षात ठेवा. मुंबईच्या मे महिन्यात झिजलेलं इंजिनही पटकन उठतं. 6 अंशांच्या इंग्लिश सकाळी तेच इंजिन धुराचे लोट सोडतं. म्हणून आपल्याकडे सहज सुरू झालं यावर खूश न होता कॉम्प्रेशनची आणि पुढे सांगितलेली ऑइल फिलरच्या झाकणाची चाचणी आवर्जून करा.

समुद्रात एक तास

बोट बांधलेली असतानाच आधी 1,200-1,500 आरपीएमला पुढे आणि मागे गिअर टाकून बघा. इंजिन माउंटिंगवर उसळत असेल तर माउंटिंग गेलीत. गिअर धरायला उशीर लावत असेल तर क्लच.

मग बाहेर काढा. 15 मिनिटं मध्यम वेगानं, नंतर आरपीएम टप्प्याटप्प्यानं वाढवत शेवटी पूर्ण थ्रॉटलला पाच मिनिटं. इंजिनाच्या प्लेटवर लिहिलेला कमाल आरपीएम गाठता आला पाहिजे. 200-300 कमी पडले आणि काळा धूर आला, तर इंजिनावर ताकदीबाहेर बोजा आहे: पंखा (प्रोपेलर) मोठा, बुडावर शेवाळ आणि शिंपले, किंवा हवेची अथवा डिझेलची वाट अडलेली. बूड बघितल्याशिवाय इंजिनाला दोष देऊ नका. पण मोठ्या पंख्यावर वर्षानुवर्षं चाललेलं इंजिन आतून भाजलेलं असतं, हेही विसरू नका. तापमान थर्मोस्टॅट उघडल्यावर, साधारण 80 ते 90 अंशांवर, स्थिर राहायला हवं. पूर्ण थ्रॉटलला काटा सावकाश चढतच राहिला, तर हीट एक्स्चेंजर किंवा पंप. बोटीच्या गेजवर विसंबू नका, थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड गन धरून खात्री करा. गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर चालत्या वेगाला साधारण 2.5 ते 4 बार, म्हणजे 35 ते 60 पाउंड, आणि आयडलला एक बारच्या खाली नको.

परत आल्यावर आयडलला ऑइल फिलरचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं किंवा झाकण काढल्यावर धुराचा झोत आला, तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. मग इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा. गरम असताना उठायला कुरकुरणाऱ्या इंजिनाचा इंजेक्शन पंप बहुधा थकलेला असतो. शेवटी इंजिनाखाली पांढरं फडकं फिरवा. 4.236 च्या मागच्या क्रँक सीलमधून थोडं ऑइल झिरपणं सर्रास दिसतं. थेंब-दोन थेंबांसाठी सौदा मोडू नये, पण ते सील बदलायला गिअरबॉक्स काढावा लागतो, एवढं भावात धरावं.

याच वेळी गरम ऑइलचा नमुना डिपस्टिकच्या नळीतून पंपानं काढून प्रयोगशाळेत पाठवा. सोडियम वाढलेलं असेल तर समुद्राचं पाणी, सोडियम-पोटॅशियम दोन्ही असतील तर बहुधा कूलंट. लोखंड आणि क्रोमियम सिलिंडर-रिंगांबद्दल सांगतात, शिसं आणि तांबं बेअरिंगबद्दल. कालच बदललेल्या ऑइलचा अहवाल निरुपयोगी असतो. निदान 25 तास चाललेलं ऑइल हवं.

माणूस आणि करार

बोटीचा सर्व्हेअर बूड आणि सांगाडा बघतो. इंजिनाच्या आतल्या अवस्थेची जबाबदारी त्याच्या अहवालात सहसा नसते, म्हणून इंजिनासाठी वेगळा माणूस न्या. इंग्लंडमध्ये साधारणपणे 10 टक्के रक्कम भरून, सर्व्हे आणि सी ट्रायलच्या (समुद्रात चालवून बघण्याच्या) अटीवर सौदा होतो. त्या अटीत इंजिनाची तपासणी शब्दांत लिहून घ्या. आपल्याकडेही साध्या कागदावर का होईना, तेच करा. ससून डॉक किंवा करंजाला ट्रॉलरच्या इंजिनांवर हात बसलेला मिस्त्री नोझल उतरवून कॉम्प्रेशन मोजून देऊ शकतो. सिलिंडरांत 10 टक्क्यांहून जास्त फरक नको. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि ट्रॉलरची कामं तेव्हाच निघतात, शिवाय पावसात सी ट्रायलही होत नाही. म्हणून मेच्या मध्यापर्यंत उरकून घ्या, नाहीतर ऑक्टोबर उजाडू द्या.

इंपेलर, होज, माउंटिंग, एल्बो, नोझल, पंपाचं सील यांवर भाव करायचा असतो. ऑइलमध्ये समुद्राचं पाणी, कूलंटमध्ये बुडबुडे, झाकण उडवणारा धूर, न फिरणारा क्रँक यांपैकी काही निघालं तर इंजिनाची किंमत शून्य धरा आणि बोटीचा भाव तेवढाच सांगा.

दोन इंजिनांची बोट असेल तर दोन्हींचे आकडे एकाच कागदावर शेजारी लिहा. एकाच वयाची, एकाच मालकाची, एकाच पाण्यात चाललेली ती जोडी असते. एकाचं तापमान 82 आणि दुसऱ्याचं 91 दिसलं, तर दुसऱ्याचा हीट एक्स्चेंजर उघडल्याशिवाय पैसे देऊ नका.